गोदामाईचं अक्षर

१

गोदामाईंच्या तेराव्याची शेवटची पंगत उठली आणि पोथीतून चिठ्ठी पडली.

पडली ती सविताच्या पायाशी. सविता म्हणजे माईंची धाकटी सून, संतोषची बायको. ती पोथी लाल फडक्यात परत बांधत होती. तिने चिठ्ठी उचलली, दोन ओळी वाचल्या आणि विंचू धरल्यासारखी नवऱ्याच्या हातात दिली. संतोषने ती मोठ्याने वाचली. मनात वाचली असती तर बरं झालं असतं, पण घरात वीस माणसं होती आणि वीस माणसं असली की संतोषला भाषणाचा मोह आवरत नसे.

"मी गोदाबाई लिहून ठेवते. कोमलच्या हातचं पाणी मला आता कडू लागते. ती मला माझ्या लेकीशी, रजनीशी, बोलू देत नाही. माझे डोये मिटले की तिला केयीच्या कढईजवय उभी करू नका. माझ्या नावाच्या पुड्याला तिचा हात लागू नये. सगये जण ऐका."

बाहेर पौषातलं ढगाळ आभाळ ओल्या गोधडीसारखं छपरावर पडलं होतं. सगळ्यांच्या माना कोमलकडे वळल्या. कोमल ही माईंची थोरली सून. नवरा सुनील सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून 'गोदामाई केला चिप्स'ची कढई तिच्याच हातात होती, आणि माईंचं आजारपणही. या क्षणी तिच्या हातात तांब्या होता, कारण ती पाहुण्यांना पाणी देत होती.

मोतीलाल पेंटरच्या हातात त्याच तांब्यातल्या पाण्याचा पेला होता. त्याने तो खाली ठेवला.

"काका," संतोष म्हणाला, "बुऱ्हाणपुरात अक्षरांचं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुम्हीच सांगा. आईचं अक्षर आहे का?"

मोतीलालने चष्मा लावला. डावीकडे झुकलेला म, टोपी वाऱ्याने उडाल्यासारखी ई ची वेलांटी, प्रत्येक ह च्या पोटाखाली एक बारीक ठिपका, जणू बाईने तिथे पेन टेकवून दम घेतला असावा. आणि ते 'डोये', ते 'केयी'! माई अगदी असंच बोलायच्या. मोतीलालच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अक्षर माईचंच आहे," तो म्हणाला.

एवढ्या तीन शब्दांत त्याने एका बाईला घराबाहेर काढलं.

२

मोतीलालने पन्नास वर्षं शहराच्या पाट्या रंगवल्या. सारी उमर त्याची एकच धडपड होती, की अक्षर हाताने काढलेलं वाटू नये. ते छापल्यासारखं वाटावं. ते जेमतेम जमलं, तेव्हा छापणारे लोक आपलं अक्षर हाताने काढल्यासारखं वाटावं म्हणून धडपडू लागले. आता लोणच्याच्या बरणीपासून दंतमंजनाच्या डबीपर्यंत सगळीकडे थरथरत्या म्हातारीचं अक्षर असे, आणि ते मशीन काढी. त्याला 'फाँट' म्हणतात, अशी माहिती संतोषने त्याला दिली होती. "काका, गिऱ्हाइकाला इमोशनल वाटलं पाहिजे," असंही तो म्हणाला होता. मोतीलालने इमोशनल होऊन ब्रश धुऊन ठेवले होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कोमल त्याच्या घरी आली. बसली नाही.

"रविवारी भाऊ येतोय जसोंडीहून, मला न्यायला," ती म्हणाली. "दोन दुकानदारांनी पुडे परत पाठवले. म्हातारीला पाण्यातून काय दिलं, असं बायका विचारून राहिल्या. माझ्या तोंडावर नाही विचारत. नळावर मी गेले की भांडी उचलतात."

मोतीलालने तिच्याकडे पाट सरकवला.

"बाकीच्यांचं सोडा. तुम्ही पेला खाली ठेवला काका. मी पाहिलं."

मोतीलालने भिंतीकडे पाहिलं.

कोमलने पिशवीतून तीन बरण्यांची झाकणं काढली. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर माईंनी पेनाने नाव लिहिलेलं. "हे माईंनी लिहिलेलं. मला अक्षरांतलं कळत नाही. तुम्ही ताडून पाहा. वेगळं निघालं तर सांगा, नाही निघालं तर तेही सांगा. मग मी जाते."

चिठ्ठीचा फोटो तिच्या फोनवर होता. संतोषने तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. कोमलला घरातून काढायचं ठरलं तरी ग्रुपमधून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मोतीलालने भिंग काढलं. झाकणावरचा म डावीकडे झुकलेला. चिठ्ठीतलाही तसाच. वेलांटी तीच, काना तोच. अर्धा तास तो एकेक अक्षर ताडत राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "हात माईंचाच आहे."

कोमलने मान हलवली आणि झाकणं गोळा करायला वाकली. तिसरं झाकण तिच्या हातात होतं. मोतीलालने ते एकदम हिसकून घेतलं.

पट्टीवर लिहिलं होतं: काळं मीठ.

त्याने फोनवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग पुन्हा. तीत ळ नव्हता. एकही.

३

"पण माई बोलायच्याच तशा," कोमल म्हणाली. "केयी, डोये, सगये."

"बोलायच्या. लिहायच्या का?"

कोमल पहिल्यांदा खाली बसली. "नाही. लिहिताना नाही. माई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. ळ आला नाही म्हणून मास्तरांनी हातावर छडी मोडली होती म्हणे. मला एकदा सामानाची यादी परत लिहायला लावली, 'गुय' लिहिला म्हणून. म्हणाल्या, तोंड आपलं आहे, कागद सरस्वतीचा आहे."

"मरायच्या आधी बाई सरस्वतीला विसरली, असं संतोष म्हणेल."

"म्हणेलच. मग?"

मोतीलालने पारदर्शक कागद काढला. फोनवरची चिठ्ठी बोटांनी मोठी करून तो तिच्यातला पहिला म कागदावर गिरवायला लागला. फोन सारखा विझत होता. कोमल तो जागा ठेवत होती. मग तोच कागद त्याने दुसऱ्या म वर ठेवला. एका साच्यातल्या विटेसारखा म म वर बसला. तिसरा बसला. ओळीने सगळे बसले.

झाकणांवरचे म त्याने तसेच ताडून पाहिले. एक रुंद होता, एक दमलेला होता, एकाची रेघ पट्टीबाहेर गेली होती. बहिणी वाटत होत्या, पण जुळ्या नव्हत्या.

"माणसाचा हात दोनदा तोच म काढत नाही," मोतीलाल म्हणाला. "मी पन्नास वर्षं प्रयत्न करून पाहिला."

"मग ही चिठ्ठी कुणी लिहिली?"

"माईंनीच लिहिली," मोतीलाल म्हणाला. "फक्त त्या वेळी त्या हजर नव्हत्या."

४

संतोषकडे जायला त्याला निमित्त लागलं नाही. दुखवट्याच्या घरी म्हातारा माणूस कधीही जाऊन बसू शकतो. उलट उठला की लोकांना चुकल्यासारखं वाटतं.

कारखाना घराच्या मागच्या पडवीत होता. भट्टी विझलेली. कापलेल्या केळ्यांच्या चकत्या परातीत काळ्या पडत चालल्या होत्या. भिंतीला रिकाम्या पुड्यांची चळत, प्रत्येकावर माईंचं हसरं चित्र आणि त्यांच्याच अक्षरात 'मेरे हाथ का स्वाद'.

"माल थांबलाय काका," संतोष म्हणाला. "पण एका अर्थी बरंच. मी मशीन आणायचं म्हणत होतो, वहिनी आणू देत नव्हत्या. म्हणायच्या, मशीनला तेलाचा वास कळत नाही. अरे, मशीनला कशाला कळायला पाहिजे?" मग त्याला आपण काय बोललो ते उमगलं. "मतलब, आईचं मन मोडवत नाही ना. तिची शेवटची इच्छा."

"खरं आहे," मोतीलाल म्हणाला. मशीन हवं असलेला माणूस, त्याने मनात टिपलं.

सविता चहा घेऊन आली. तिच्या मनगटावर ताजा फोड होता.

"चिठ्ठी तुलाच सापडली ना गं?"

"सापडली नाही काका, अंगावर पडली. आता सगळे म्हणतात, सविता, तू उभी राहा कढईजवळ. मला काय येतं? पहिलाच घाणा जळाला. सहा वर्षांत माईंनी मला झारा धरू दिला नाही. सगळं कोमलताईंना." तिने कप जरा जोरातच ठेवला. मत्सर होता. पण मत्सराने माणूस भट्टी मागतो, फोड मागत नाही.

आतल्या खोलीत रजनी बसली होती. रजनी ही माईंची लेक, फोपनारला दिलेली. नवऱ्याची केळीची बाग होती, स्वतः अंगणवाडी चालवायची. ती आईची लुगडी घडी करत होती. घातलेली घडी मोडत होती, पुन्हा घालत होती.

"जेवलात का काका?" तिने विचारलं. या घरात हे विचारणारी ती पहिलीच.

"तू कशी आहेस?"

"मी ठीकच. फोपनार म्हणजे अर्ध्या तासाची वाट हो काका. आई संध्याकाळी पडली, रात्रीत गेली आणि मला फोन सकाळी. संतोष आणि सविता मालाच्या गाडीबरोबर भुसावळला गेलेले, ते ठीक. पण घरात माणूस होतं ना? एक फोन करायला किती वेळ लागतो?" तिने लुगडं नाकाला लावलं. "आता वासही जाऊन राहिला याचा."

मोतीलाल उठला. एकाला मशीन मिळणार होतं, एकीला झारा, एकीला काहीच नाही. दाराशी पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की संशय घ्यावा असा माणूस घरात संतोष एकटाच उरतोय, आणि त्याच्याच सांगण्यावरून आपण साक्ष दिली होती.

५

माईंच्या अक्षराचा फाँट हिमानी नावाच्या मुलीने केला होता. राजपुऱ्यात, जिन्यावरच्या एका खोलीत ती पुड्यांची, पाट्यांची, पत्रिकांची नक्षी करायची. मोतीलालचं गिऱ्हाईक तिनेच नेलं होतं, पण ती त्याच्या पाया पडायची, त्यामुळे त्याला नीट रागावता येत नसे.

"काका, तुमच्या 'श'चा फोटो काढून ठेवलाय मी, सराफ्यातल्या पाटीवरून. क्या बात है!"

"माझाही फाँट करणार का? मेल्यावर कर. जिवंतपणी मला चिठ्ठ्या यायला नकोत." मोतीलालने बैठक मारली. "मला सांग, माईंच्या फाँटात ळ आहे का?"

हिमानीने जीभ चावली. "तुम्हाला कसं कळलं? अहो, गलती माझीच. अक्षरं लिहून घ्यायला मी माईंना शाळेतला चार्ट दिला. हिंदीचा. क से ज्ञ तक. त्यात ळ कुठून असणार? पुडाही हिंदीच, कुणाच्या लक्षात नाही आलं. दोन महिन्यांमागे भुसावळसाठी मराठी पुडा काढायचा ठरला. 'केळीचे वेफर्स' टाइप केलं तर ळ च्या जागी चौकोन! मी धावत माईंकडे. माईंनी आधी माझा उद्धार केला. मग दहा वेळा ळ काढून दिला, आणि म्हणाल्या, यातला सगळ्यात चांगला घे, बाकीचे फेकू नको, परत दे."

"म्हणजे आता फाँटात ळ आहे."

"नव्या फाँटात आहे. जुन्यात नाही."

"जुना कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे होता, तो मिटवला. संतोषभैयाच्या घरच्या कंप्युटरवर होता, तिथे मी स्वतः जाऊन जुना काढला, नवा टाकला. दुकानाचं, घरचं, सगळं त्या एकाच कंप्युटरवर होतं. और एक..." ती थांबली. "त्यांचं काम तर उन्हाळ्यातच संपलं होतं. त्यांना नवा पाठवायचं मला सुचलंच नाही."

"कुणाला?"

तिने नाव सांगितलं. मोतीलालने ते ऐकलं, आणि ते खोटं असावं अशी त्याची फार इच्छा झाली.

"हे बघ," तो म्हणाला, "नवा फाँट असलेला माणूसही मुद्दाम ळ गाळू शकतो. माई बोलायच्या तसं लिहिलं, की लोक फसतात. मीच फसलो. दुसरी काही खूण आहे का, जुनं आणि नवं ओळखायची?"

"तशी काही नाही..." हिमानीने डोकं खाजवलं. "हां, ह चा धब्बा! चार्ट लिहिताना माईंचं पेन ह वर गळलं होतं. खाली एक डाग पडायचा, प्रत्येक ह ला. ळ टाकताना मी तोही पुसून घेतला."

मोतीलालने फोनवरची चिठ्ठी काढली. लिहून. हातचं. नाही. हात.

चारही ह च्या पोटाखाली ठिपका होता.

६

रविवारी सकाळी जसोंडीहून कोमलचा भाऊ टेम्पो घेऊन आला. कोमलची एक पेटी आणि एक वळकटी ओट्यावर आली होती. मोतीलाल पेटीवरच बसला.

"काका, उठा ना," संतोष म्हणाला.

"उठतो. आधी सगळ्यांना बोलाव. मी त्या दिवशी एक साक्ष दिली होती, ती परत घ्यायला आलोय."

सगळे जमले. मोतीलालने पारदर्शक कागद दाखवला, म वर म बसवून दाखवला, झाकणावरचा ळ दाखवला. संतोष आधी म्हणाला, "तुम्ही काय बोलून राहिले काका?" मग म्हणाला, "पण पेनाने लिहिलंय ते!" मग कागद हातात घेऊन स्वतःच म वर म बसवायला लागला.

"फाँटात लिहिलं, छापलं, वर दुसरा कागद ठेवून खिडकीच्या काचेवर पेनाने गिरवलं," मोतीलाल म्हणाला. "सविता, उन्हाळ्यातल्या लग्नाची पत्रिका असेल ना घरात?"

सविताने देवघराच्या फळीवरून पत्रिका आणली. रजनीच्या मुलीचं लग्न. नवरदेव खंडव्याचा, म्हणून पत्रिका हिंदीत. आजीचा आशीर्वाद म्हणून अक्षर माईंचं. 'शुभ विवाह'. ह खाली ठिपका. मोतीलालने शेजारी भुसावळचा नवा पुडा ठेवला. त्यावर 'हातची चव'. ह स्वच्छ.

"या घरातल्या कंप्युटरवर ठिपक्याचा ह दोन महिन्यांपासून नाही. माई तर परवापर्यंत होत्या, आणि चिठ्ठीत शेवटच्या दिवसांचं पाणी कडू लागतंय. ठिपक्याचा ह आता एकाच ठिकाणी उरलाय. फोपनारला."

रजनीने नाकारलं नाही. तिला नाकारता येत नव्हतं. ती अंगणवाडीची बाई होती, खोटं बोलणाऱ्या पोरांना कोपऱ्यात उभं करायची.

"पोरांना चित्रं अशीच गिरवायला देते मी," ती म्हणाली. "काचेवर. ळ च्या जागी चौकोन येत होता. वाटलं, देवच अडवतोय. मग आईचं बोलणं कानात आलं." ती कोमलकडे पाहत नव्हती. "पुडे घेणाऱ्या साऱ्या गावाला तिचं अक्षर. मला आयुष्यात तिने एक ओळ लिहिली नाही, जवळच्या गावी दिली म्हणून. लेकीच्या पाहुण्यांच्या डब्यांवर नावं टाकायला तो फाँट आणला, तेव्हा एकदा गंमत म्हणून लिहून पाहिलं. 'रजनी, कशी आहेस?' रोज लिहायला लागले. रोज तिच्याकडून मला. आणि ती पडली, तर मला बोलवावं असं कुणाला वाटलं नाही. रागाने ते लिहिलं. पोथीत ठेवलं, तेव्हा वाटलं काढून घेईन. तोवर पंगत उठली."

"आणि नंतरचे पाच दिवस?" कोमलने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "पाच दिवस माझ्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं ताई. तुम्ही माझ्यासमोर बसून माईंची लुगडी घडी करत होतात."

रजनीने मान खाली घातली. भाऊ टेम्पोजवळ उभा होता. पेटी उचलावी की नाही, हे त्याला कुणी सांगत नव्हतं.

"वहिनी," संतोष पुटपुटला, "त्या दोन्ही दुकानांत मी जातो. आत्ताच जातो. मीच सांगतो."

"नळावर पण सांगा," कोमल म्हणाली. "तिथे दुकान नाही, पण तिथेच जास्त खपतं." मग ती रजनीकडे वळली. "तो फाँट फोनमधून काढा. समोर काढा. मेलेल्या माणसाच्या तोंडात घास घालतात ताई, शब्द नाही."

रजनीने पदराआडून फोन काढला. ती रोजची पत्रं, रोजची 'कशी आहेस' त्यातच असावीत, कारण बोट बराच वेळ काचेवर टेकून राहिलं. मग तिने दाबलं. सविता आत गेली. भट्टीत लाकडं सारल्याचा आवाज आला. पेटी ओट्यावरून कुणीतरी आत नेली.

"एकच सांग," रजनी म्हणाली. तिचा आवाज आता चाळीस वर्षं लहान झाला होता. "त्या संध्याकाळी तिने माझं नाव घेतलं का?"

कोमल तिच्याकडे बघत राहिली. पाच दिवसांचा हिशेब चुकता करायला एक 'नाही' पुरेसा होता, आणि तो कुणाला नाकारता आला नसता.

"घेतलं ना," कोमल म्हणाली. "मी फोन हातात घेतला, तर माईच म्हणाल्या, रजनीले आत्ता नको सांगजो. हातातलं तसंच टाकून पळत येईल, वाटेत पडेल पोरगी. सकाळी सांग." मग ती म्हणाली, "म्हणून नाही केला."

रजनी भिंतीला टेकली आणि रडायला लागली. तेराव्यापर्यंत ती अशी रडली नव्हती. रडता रडता तिने मोतीलालकडे पाहिलं. अक्षरांचा शेवटचा शब्द त्याचा होता, आणि त्या संध्याकाळी तो तब्येत विचारायला इथे आला होता, हे तिला ठाऊक होतं.

मोतीलाल आला होता खरा. माईंच्या खाटेशी घटकाभर बसलाही होता. पडल्यापासून त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि जीभ एका जागी खिळली होती. त्यांना पाणीही मागता येत नव्हतं. नुसतं कोमलचं बोट मुठीत धरून त्या छपराकडे पाहत होत्या, आणि कोमल दुसऱ्या हाताने डॉक्टरला फोन लावत होती, लागत नव्हता तरी लावत होती.

"काका?" रजनी म्हणाली.

"माझ्यासमोरच म्हणाल्या," मोतीलाल म्हणाला. आणि अधिक काही विचारायच्या आत तो चपला शोधायला ओट्यावर गेला.